कळप, थवा, टोळी की झुंड? प्राण्यांच्या समूहांना नेमकं काय म्हणायचं

प्रूफवाला (धागाकर्ता)

दर पाच-सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक यादी फिरत येते. 'कावळ्यांचा खून', 'चंडोलांचा उत्कर्ष', 'गिधाडांची समिती'. खाली प्रश्न असतो, 'हे समूहवाचक शब्द तुम्हाला माहीत होते का?' माहीत असायचं कारणच नाही, ते मराठीत नाहीतच.

या याद्यांचं मूळ पंधराव्या शतकातल्या इंग्लंडात आहे. 1486 साली छापलेल्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स'मध्ये ससाण्यांची पारध, शिकार आणि कुलचिन्हं असे विषय होते. त्यातच अशा दीडशेहून जास्त शब्दप्रयोगांची यादी आहे. उमराव घराण्यातल्या माणसाला हे शब्द तोंडपाठ हवेत, असा त्यामागचा थाट. पण त्याच यादीत न्यायाधीशांच्या आणि जोगिणींच्या घोळक्यांनाही नावं दिली आहेत, म्हणजे बराचसा मामला थट्टेचा होता. त्यातलं सिंहांचं 'प्राइड' आज खरोखर वापरात आहे, चंडोलांचं 'एक्झाल्टेशन' मात्र कोड्यांपुरतं उरलंय. शोधनिबंधात बहुतेक सगळ्या पक्ष्यांना साधं 'फ्लॉक' म्हणतात.

मराठीची रीत वेगळी. प्राणी कोणता यापेक्षा तो जमाव काय करतोय आणि कोणाच्या ताब्यात आहे, यावरून शब्द ठरतो. उडतोय तर थवा. चरतोय, चालतोय तर कळप. हल्ला, नासधूस, दंगा असेल तर टोळी नाहीतर झुंड. ओझी लादून वाटेला लागलाय तर तांडा. ओळीनं बांधलाय तर दावण. आईमागे फिरणारी पिल्लं असतील तर पिलावळ. म्हणून एकाच प्राण्याला दोन-तीन शब्द लागू पडतात आणि तिन्ही बरोबर असू शकतात.

ज्याला ज्या क्षेत्रातलं ठाऊक आहे त्याने ते लिहा. बातमीत, फोटोओळीत, पाठ्यपुस्तकात कुठे घसरतं, तेही लिहा. माझ्याकडून मुद्रितशोधनातल्या नेहमीच्या दोन गोष्टी:

एक, अनुस्वार आणि 'श्य'. समूह म्हटला की षष्ठी अनेकवचनी हवी: 'हत्तीचा कळप' नव्हे, 'हत्तींचा कळप'. आणि 'मासा'चं होतं 'माशांचा', 'माशी'चं 'माश्यांचा'. एका जोडाक्षरानं समुद्रातले मासे उकिरड्यावरच्या माश्या होतात. 'मधमाशांचे पोळे' तर इतकं पसरलंय की बरोबर लिहिलेलं 'मधमाश्यांचे'च वाचकांना चूक वाटतं.

दोन, क्रियापद. ते समूहाच्या शब्दाप्रमाणे चालतं: कळप आला, टोळी घुसली, खिल्लार निघालं. 'बारा हत्तींचा कळप शेतात शिरले' हे वाक्य रोज कुठेतरी छापून येतं. बारा डोक्यात राहतात आणि कळप विसरला जातो. आकडा महत्त्वाचा असेल तर सरळ 'बारा हत्ती शिरले' लिहावं, कळप कशाला?

---

कोल्हेकुई

+1. 'गिधाडांची समिती' मात्र राहू द्या, आमच्या सोसायटीत उपयोगी पडेल.

---

सातेरी

मधमाश्यांपुरतं लिहितो. तिथे चार शब्दांची पार भेळ झाली आहे.

पोळं म्हणजे मेणाच्या षट्कोनी घरांची एक चकती. ती वस्तू आहे, समूह नव्हे. वसाहत म्हणजे एक राणी, कामकरी माश्या, हंगामात नर आणि अंडी-अळ्या-कोष असं सगळं कुटुंब. मोहोळ म्हणजे माश्यांसकट त्यांचं रानातलं घर. थवा म्हणजे घर सोडून हवेत निघालेल्या किंवा वाटेत फांदीवर लटकलेल्या माश्या.

हे प्रजातीप्रमाणे बदलतं. आग्या माशी उघड्यावर, कड्याला, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं पोळं लावते. तिथे एक मोहोळ म्हणजे एक पोळं, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी खपतात. फुलोरी माशीचंही एकच, पण तळहाताएवढं, झुडपाच्या काटकीला. सातेरी मात्र अंधारात, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकामागे एक समांतर पोळी बांधते. तिच्या बाबतीत 'एक पोळं काढलं' आणि 'एक मोहोळ काढलं' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात वसाहत जगते, दुसऱ्यात बहुधा संपते.

'थवा निघाला' आणि 'पेटी सोडून गेल्या' हे वेगवेगळे प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत मधपाळाला महाग पडते. थवा निघतो तेव्हा वसाहत भरभराटीला आलेली असते. पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारख्या राणीकोठ्या लोंबताना दिसतात, त्या बंद झाल्या की जुनी राणी बऱ्याचशा कामकरी माश्यांना घेऊन बाहेर पडते. मागे पोळी, अळ्या आणि नवी राणी उरते, म्हणजे एकाच्या दोन वसाहती झाल्या. पेटी सोडून जातात तेव्हा सगळ्याच जातात. मेणकिडा लागलेला असतो, मुंग्या चढलेल्या असतात, खायला नसतं किंवा ऊन लागत असतं. मागे रिकामी पोळी उरतात. पहिल्या प्रकारात आठवड्याला चौकटी उचलून राणीकोठ्या बघायच्या आणि वेळेत वसाहत विभागायची. दुसऱ्यात पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, जुनी काळी पोळी काढून टाकायची, दुष्काळात साखरपाक द्यायचा.

फांदीवर लटकलेल्या थव्यातल्या माश्या सहसा चावायला येत नाहीत. पोटात मध भरलेला असतो आणि राखायला घर नसतं. पण हे आग्याच्या मोहोळाला लागू नाही. तिथे लांब राहायचं, धूर-दगड काही नाही. 'मधमाश्यांच्या थव्याचा हल्ला' असं बातमीत येतं, तेव्हा बहुतेक वेळा ते आग्याचं उठलेलं मोहोळ असतं. 'मोहोळ उठलं' हेच त्याचं नेमकं क्रियापद.

---

प्रूफवाला

'मोहोळ उठलं' घेतलंच पाहिजे. नाम एकटं घोकून उपयोग नाही, त्याचं क्रियापदही लक्षात ठेवायला हवं: थवा उतरतो, कळप बुजतो, टोळी घुसते, मोहोळ उठतं.

---

आखरकर

गुराढोरांचे शब्द शहरात 'कळप' या एकाच शब्दात कोंबलेत, ते सोडवून ठेवतो.

खिल्लार म्हणजे मुळात गुरांचा मोठा कळप. म्हसवड-आटपाडीकडच्या पांढऱ्या, लांब शिंगांच्या चपळ बैलांच्या जातीला तेच नाव पडलं. त्यामुळे आज 'खिल्लार' म्हटलं की माणदेशात बैल डोळ्यांपुढे येतो, कळप नाही. कळपाच्या अर्थानं लिहायचं तर 'गुरांचं खिल्लार' असं पुरं लिहावं.

आखर हा विदर्भातला शब्द. गावातली गुरं सकाळी जिथे गोळा होतात ती गावाबाहेरची मोकळी जागा. तिथून गायकी ती चरायला नेतो. कोकणात आणि घाटावर याच्या जवळपासचा शब्द गोठण, दुपारी गुरं बसायची सावलीची जागा. आखर आणि गोठण ही जागांची नावं आहेत. 'गुरांची गोठण आली' असं लिहिता येत नाही.

दावण म्हणजे गुरं ओळीनं बांधायचा लांब दोर, त्यावरून ती ओळही दावणच. 'दावणीला आठ जनावरं आहेत' यात धन्याची ऐपत कळते. कळपात ती कळत नाही, कारण गावच्या कळपात सगळ्यांची गुरं असतात.

शेळ्यामेंढ्यांना खांड किंवा खांडवा. हा शब्द लिहिण्यातून जवळजवळ गेलाय, मेंढपाळांच्या तोंडी अजून आहे. वाडा हा धनगरांचा शब्द मात्र नीट समजून घ्या. तिथे वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे, एकत्र फिरणाऱ्या काही कुटुंबांचा त्यांच्या मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्यांसकटचा मुक्काम. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे आणि पावसाआधी परतणारे वाडे अजूनही दिसतात. रात्री मेंढरं वाघरात घालतात. वाघर म्हणजे खुंट्यांवर ताणलेली जाळी. शेतकऱ्याच्या रानात रात्रभर मेंढरं बसवली की लेंडी-मुताचं खत आयतं मिळतं, त्याचा मोबदला धान्यात किंवा पैशांत ठरतो. वाघर रोज सरकवावी लागते. एकाच जागी दोन-तीन रात्री ठेवली तर तिथे खताचा थर जास्त होऊन पीक नुसतं पाल्यावर जातं आणि बाकीचं रान उपाशी राहतं.

म्हणून 'वाडा उतरला' आणि 'कळप आला' यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात माणसं धरलेली आहेत.

---

हिरवी_शाई

वाखू (वाचनखूण) साठवली.

शालेय यादीत 'उंटांचा तांडा' असतो, पण वाळवंटात मोकळे चरणारे उंटही मुलं तांडाच लिहितात. गुण द्यायचे का?

---

आखरकर

द्या, यादीत तसंच आहे तर मुलांचा काय दोष? पण तांडा हा चालत्या, लादलेल्या जमावाचा शब्द आहे. लमाण बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरत, त्या बैल-माणसांच्या रांगेला तांडा म्हणत. पुढे मालवाहतूक रेल्वेनं नेली, लमाण स्थिरावले आणि तांडा हे वस्तीचं नाव झालं. चरणाऱ्या उंटांना कळप पुरे.

---

मचाण

रानातल्या सस्तन प्राण्यांचं.

सगळ्यात आधी: 'वाघांचा कळप' आणि 'बिबट्यांचा कळप' हे मथळे बंद व्हायला हवेत. वाघ-बिबटे एकटे राहणारे प्राणी. तीन-चार एकत्र दिसले तर जवळजवळ नेहमी ती आई आणि तिची वाढलेली पिल्लं असतात. वाघाचे बछडे साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत आईबरोबर असतात, आणि शेवटच्या काही महिन्यांत अंगानं आईएवढेच दिसतात. उसाच्या फडातून बाहेर आलेले 'चार बिबटे' बहुधा असेच. 'कळप' लिहिलं की वाचणारा घाबरतो आणि पिंजऱ्यांची मागणी वाढते. 'मादी आणि तीन पिल्ले' लिहिलं की काय करायचं ते कळतं: वाट सोडायची, पिल्लं आणि आई यांच्या मधे यायचं नाही.

सिंहांना कळप चालतो, पण तोही आफ्रिकेतल्यासारखा गीरमध्ये नसतो. गीरचे नर बराच काळ माद्यांपासून वेगळे, दोघे-तिघे मिळून राहतात. माद्यांकडे येतात ते मुख्यतः मीलनासाठी आणि मोठ्या शिकारीवर.

हत्तींच्या कळपाची म्होरकी वयस्क मादी असते. वयात आलेले नर बाहेर पडतात. 2021 च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत उतरला तो कळप. शेतात एकटा फिरणारा सुळेवाला नर हा 'कळपातून चुकलेला' नसतो, एकटं फिरणं हा त्याचा रिवाजच. गव्यांचंही तसंच, एकांडा गवा म्हणजे बहुधा मोठा नर.

रानकुत्र्यांना, म्हणजे कोळसुनांना, टोळी. इथे तो शब्द चपखल आहे, कारण पाच ते बारा जण मिळून शिकार करतात, शीळ घालून एकमेकांना जोडून ठेवतात, आणि टोळीत पिल्लं सहसा एकाच मादीला होतात. लांडग्यांना माळावर टोळी म्हणतात खरे, पण आपल्याकडे त्यांचं कुटुंब लहान असतं. नर, मादी आणि त्या व आधीच्या वर्षाची पिल्लं, एवढ्यावरच भागतं.

वानरांच्या दोन तऱ्हा असतात आणि गावकऱ्यांना त्या माहीत असतात. एका टोळीत एक हुप्प्या, बाकी माद्या आणि पिल्लं. दुसरी नुसत्या नरांची. ही दुसरी पहिलीवर चालून जाते तेव्हा हुप्प्या बदलतो आणि तान्ह्या पिल्लांचा जीव धोक्यात येतो. दोन्हींना टोळी म्हणा, पण नोंद करताना 'नरांची टोळी' हे वेगळं लिहा. लालसर तोंडाच्या माकडांच्या टोळीत एकाहून जास्त मोठे नर असतात, तिथे हा हिशोब चालत नाही.

रानडुकरांना कळप. भुईमूग उकरून टाकला असेल तर शेतकरी टोळी म्हणतो. त्याला म्हणू द्या.

---

कोल्हेकुई

आणि आमच्या जातीला?

---

मचाण

कोल्हे जोडीनं राहतात, सोबत पिल्लं. संध्याकाळी एकानं सूर लावला की चारी बाजूंच्या जोड्या उत्तर देतात, त्यामुळे शंभर आहेत असं वाटतं. मराठीनं समूहाला नाव न देता त्या आवाजालाच दिलं. तेच तुम्ही घेऊन बसला आहात.

---

पाणकावळा

पक्ष्यांना सरसकट थवा चालतो, फक्त तीन जागा वेगळ्या ठेवा.

रांगेत उडणारे बगळे, बलाक, करकोचे यांना माळ. कवितेत 'बलाकमाला' असते, पण साधं 'बगळ्यांची माळ' कुठेही शोभतं.

झाडावर एकत्र घरटी केली असतील तर तो थवा नव्हे, वसाहत. मारुती चितमपल्ली यांनी यासाठी सारंगागार हा शब्द रुळवला, आणि कावळेवर्गीयांच्या वसाहतीला काकागार. भिगवणजवळ भादलवाडीच्या तलावातल्या झाडांवर चित्रबलाकांची असते, ती सारंगागार. रात्री नुसतं झोपायला जमतात ती जागा रातथारा. तिथे घरटं, अंडं काही नसतं. बातमीत 'हजारो पक्ष्यांची वसाहत' म्हणून रातथाऱ्याचा फोटो येतो, मग लोक पिल्लं बघायला गर्दी करतात.

कावळे संध्याकाळी रातथाऱ्याला जाण्याआधी वाटेत कुठल्यातरी झाडावर किंवा गच्चीवर जमून प्रचंड कालवा करतात. त्याला आपल्याकडे 'कावळ्यांची शाळा भरली' म्हणतात. इंग्रजी खुनापेक्षा हे कितीतरी नेमकं: वेळ ठरलेली, जागा ठरलेली, गोंगाट, आणि अंधार पडला की सुटली.

सातभाई हा एक मजेदार नमुना. पक्ष्याच्या नावातच टोळकं आहे. सहा-सात ते दहा-बारा जण कायम एकत्र, जमिनीवर पालापाचोळा उलथत, आणि एका जोडीची पिल्लं भरवायला बाकीचे मदतीला. ते सहसा उंच उडत नाहीत, एकामागून एक झुडपांतून तरंगत जातात, म्हणून 'सातभाईंचं टोळकं' थव्यापेक्षा बरं.

आता मोजणी. 'हजारोंचा थवा' हा आकडा नव्हे. भोरड्यांचा, म्हणजे पळसमैनांचा थवा घ्या. मध्य आशियाकडून ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, एप्रिलपर्यंत असतात, ज्वारीवर उतरतात. थव्याच्या कडेचे दहा पक्षी एक-एक करून मोजायचे. दहा पक्षी डोळ्याला केवढी जागा व्यापतात ते पक्कं करायचं. तशा दहा जागा मिळून शंभराचा ठोकळा, आणि तो ठोकळा सगळ्या थव्यावर सरकवत न्यायचा. थव्याचा मधला भाग डोळ्याला कडेपेक्षा दाट दिसतो, म्हणून कडेच्या मापानं मधला मोजला तर आकडा कमी येतो. मोठ्या थव्यात नवखे बहुधा कमीच मोजतात. मोजतानाच दोन-तीन फोटो काढून ठेवायचे, घरी पडद्यावर चौकटी पाडून ताडून बघायचं. थवा उडता-उडता वळला की अर्धे पक्षी काटकोनात जाऊन दिसेनासे होतात. एका फोटोवर भिस्त ठेवली तर तिथे फसगत होते.

---

हिरवी_शाई

ते एकदम वळतात कसे? पुढारी असतो का?

---

पाणकावळा

नाही. रोममध्ये तिथल्या मैनांच्या थव्यांची एकाच क्षणी अनेक कॅमेऱ्यांनी छायाचित्रं घेऊन अभ्यास झाला, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक पक्षी आजूबाजूच्या साधारण सहा-सात शेजाऱ्यांवरच लक्ष ठेवतो, ते जवळ असोत की लांब. अंतरावर नसून शेजाऱ्यांच्या संख्येवर सगळं अवलंबून, म्हणून थवा ताणला, आवळला तरी तुटत नाही. ससाणा घुसला की ती वळणाची लाट कडेपासून सुरू होऊन पार पोचते. बगळ्यांच्या माळेत मात्र पुढचा असतो आणि तो बदलत राहतो.

---

पाटाचं_पाणी

पक्ष्यांवरून टोळ आठवले, मध्य आशियात भोरड्या टोळच खातात.

'टोळधाडीचा थवा' ही द्विरुक्ती. धाड हा हल्ला, थवा हा समूह. 'टोळांचा थवा आला' किंवा 'टोळधाड आली', दोन्हींपैकी एक. पंख न फुटलेल्या पिल्लांचा जथा जमिनीवरून उड्या मारत सरकतो, त्याला थवा म्हणू नये, कारण उपाय वेगळा आहे. पिल्लांच्या वाटेत चर खणून त्यांना त्यात गाडता येतं, उडत्या थव्याला चर काय करणार?

थव्याचं माप क्षेत्रफळात देतात. 1 चौरस किलोमीटरच्या थव्यात 4 ते 8 कोटी प्रौढ टोळ असू शकतात आणि एक टोळ दिवसाला जवळपास आपल्या वजनाएवढं, म्हणजे सुमारे 2 ग्रॅम, खातो. 2020 च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे मध्य प्रदेशातून थवे आले तेव्हा डबे-थाळ्या बडवायची मोहीम निघाली. आवाजानं थवा फक्त शेजारच्या शिवारात जातो. फवारणी करायची ती रात्री आणि पहाटे, थवा झाडांवर बसलेला असताना. ऊन चढून अंग तापलं की तो उठला.

एकटा टोळ निरुपद्रवी नाकतोडाच असतो. पाऊस होऊन हिरवळ वाढली, संख्या वाढली, मग हिरवळ आटून ते एका जागी दाटले आणि एकमेकांना घासू लागले की त्यांचा रंग आणि वागणूक बदलते. इथे तर समूह हीच प्राण्याची वेगळी अवस्था आहे.

---

रापणीचा_दोर

माशांचं राहिलं. शालेय याद्यांत 'माशांची गाथण' असते आणि ती वाचून लोक समुद्रातल्या माशांना गाथण म्हणतात. गाथण म्हणजे कल्ल्यातून दोर ओवून केलेली माळ. मेलेल्या माशांची, विकायला किंवा घरी न्यायला. काजूचीही गाथण होते. पोहणाऱ्या माशांना थवा लिहा. थवा उडणाऱ्यांचाच असं काही नाही, बांगड्या-तारल्यांना तो लिहिण्यात रुळलाय.

विकताना पुन्हा शब्द बदलतो. कोळंबी, मांदेली, लहान सुकी मासळी वाट्यावर. वाटा म्हणजे ढीग, वजन नव्हे, त्यामुळे दोन वाट्यांत फरक असतोच आणि घासाघीस त्यावरच होते. वरचे चार मोठे ठेवून खाली बारीक लावलेली असते. हात घालून बघावं.

रापण हे जाळ्याचं नाव. दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून पुष्कळ माणसं ओढतात. 'माशांची रापण' म्हणजे त्या ओढीत आलेली मासळी. हाही समूहवाचक शब्द नव्हे.

---

बारगीर

घोडा विसरलात. पागा म्हणजे घोड्यांचा ताफा आणि तबेला दोन्ही, पण शिवकालीन पागेला मोजमाप होतं: 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर जुमलेदार, 10 जुमल्यांवर हजारी. म्हणजे नावाला हजारी, हिशोबानं साडेबाराशे. दर 25 घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालवाला. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा, म्हणून शिलेदारांच्या घोड्यांना पागा म्हणत नाहीत. मोकळ्या घोड्यांना कळप.

---

आटपाट_नगर

अमेरिकेतल्या शनिवारच्या मराठी शाळेसाठी, सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवायचे तर यातले किती घ्यावेत? मुलं इंग्रजीच्या हिशोबानं प्रत्येक प्राण्याला वेगळा शब्द मागतात.

---

प्रूफवाला

सहा पुरेत: कळप, थवा, टोळी, रांग, मोहोळ, पिलावळ. प्राण्यांची चित्रं न देता कृतीची चित्रं द्या. तीच बदकं एका चित्रात उडताना, दुसऱ्यात पिल्लांसकट चालताना. शब्द बदलतो हे मुलांना चटकन दिसतं. 'मगरींना काय म्हणायचं?' असं विचारतीलच. 'पाच-सहा मगरी' म्हणायचं. मराठीत आकडा आणि अनेकवचन एवढ्यानं काम भागत असेल तर वेगळा शब्द लागत नाही, आणि नसलेला घडवून देऊ नये.

रांग मुंग्यांची. 'मुंग्यांचं वारूळ' शिकवू नका. वारूळ वाळवी बांधते, मुंग्या आणि साप नंतरचे भाडेकरू.

---

रापणीचा_दोर

आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या ओंबीलांचं काय?

---

प्रूफवाला

त्यांचं घरटंच. कोणी 'ओंबीलांचा गोळा' म्हणतात तेही ठीक.

---

माजघर

पिलावळ, वेत आणि रवण हे तीन वेगळे ठेवा.

पिलावळ म्हणजे आईमागे फिरणारी पिल्लं. माणसांच्या पोरांना म्हटलं तर कुत्सित होतं, आणि 'लेंढार' तर आता फक्त पोरांनाच उरलंय. वेत म्हणजे जनावर विण्याची खेप: 'दुसऱ्या वेताची म्हैस', 'कुत्रीनं एका वेताला पाच पिल्लं दिली'. बाजारात म्हशीचं वेत विचारतात ते दुधाच्या अंदाजासाठी. तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत दूध वाढतं, पुढे उतरू लागतं. 'एका वेतातली पिल्लं' म्हणजे सख्खी, 'पिलावळीतली' म्हणजे तशी असतीलच असं नाही, कोंबडी दुसरीची पिल्लंही पंखाखाली घेते.

रवण हा कोकणातला. खुडूक कोंबडीखाली उबवायला घातलेली अंडी, आणि ते बसवणंही. गावठी कोंबडीला दहा-बारा अंडी घालतात. जास्त घातली तर कडेची थंड पडतात, आणि ती कडेचीच राहत नाहीत, कोंबडी अंडी फिरवते तशी आत-बाहेर होऊन सगळीच थोडी-थोडी थंडावतात. अंडी एकाच दिवशी घालायची, रोज एक-एक नको, नाहीतर पहिली फुटली की कोंबडी उठते आणि मागची वाया जातात. सातव्या-आठव्या रात्री अंधारात बॅटरीवर धरून बघायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, स्वच्छ पिवळं दिसलं तर काढायचं. एकविसाव्या दिवशी रवण फुटते, त्यानंतर मात्र ती पिलावळ.

---

हिरवी_शाई

'रवण फुटली' की 'फुटले'?

---

माजघर

फुटली. स्त्रीलिंगी.